शत्रूवाचून लढाई : सातपुड्यातील काष्ठस्मारकांवरचा स्वार

लोककलेच्या मराठी चर्चेत युद्धदृश्ये ही सर्वांत सोपी बाब समजली जाते. विवाहाचा चौक, पिठोऱ्याची भिंत किंवा देवीचा पट समोर आला की अभ्यासक सावध होतो. येथे विधी आहे, संकेत आहेत, माहीतगाराला विचारल्याशिवाय अर्थ लागणार नाही, याची जाणीव त्याला असते. परंतु घोडा, स्वार आणि उगारलेली तलवार दिसली की ही सावधगिरी गळून पडते. 'हा शूर पुरुष, हा लढाईत पडला, त्याची ही आठवण' एवढे म्हणून वर्णन पूर्ण होते. दगडी स्मारकांच्या बाबतीत असे वाचन बरेचसे खपून जाते. लाकडी स्मारकांच्या बाबतीत मात्र ते फसते, आणि ते कोठे व का फसते हे पाहिले तर 'लोककलेतील युद्धचित्रण' या पदातील 'चित्रण' हाच शब्द तपासावा लागतो.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी शिंदखेडा हे ठिकाण सोयीचे आहे. बुराईच्या काठचे हे तालुक्याचे गाव तापीच्या सपाट, काळ्या जमिनीच्या मुलखात आहे. उत्तरेला तापीपलीकडे शिरपूर तालुका आणि त्यामागे सातपुड्याची भिल्ल-पावरा वस्ती. पश्चिमेला नंदुरबारवरून पुढे गेले की नवापूरकडचा गावित-मावची मुलूख आणि त्याला लागून दक्षिण गुजरात. मैदानात पूर्वजांची स्मृती दगडात उभी राहते. पारापाशी किंवा वेशीत शेंदूर फासलेला 'वीर' असतो, आणि नाशिक-बागलाण-खानदेशात धुळवडीला देव्हाऱ्यातले वीरांचे टाक वाजतगाजत निघतात. डोंगरात मात्र हीच स्मृती अनेक ठिकाणी लाकडात कोरलेली आढळते. एकाच नदीखोऱ्याच्या परिसरात दगड आणि लाकूड ही दोन माध्यमे मृत पुरुषाला स्वाराचे एकच रूप देतात. रूप एक असले तरी त्यामागची वाक्यरचना वेगळी आहे.

दगडाची वाक्यरचना आधी पाहू. महाराष्ट्रातील वीरगळ सामान्यतः तीन किंवा चार थरांचा असतो. सर्वांत खाली पडलेला वीर, बहुधा आडवा. काही शिळांवर त्याच्या शेजारी गाई दिसतात, म्हणजे लढाई गोधनासाठी झालेली असते. त्यावर प्रत्यक्ष झुंज : समोरासमोर उभी माणसे, ढाली, भाले, क्वचित घोडे. त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे, आणि माथ्याशी चंद्रसूर्य व कलश. खालून वर वाचत जावे अशी ही कथा आहे. तिला आरंभ आहे, कार्यकारणभाव आहे, आणि मुख्य म्हणजे प्रतिपक्ष आहे. कोणाशी लढला याचे नाव बहुतेक शिळांवर नसते, पण कोणाशी तरी लढला हे दगड निःसंदिग्धपणे सांगतो. एस. सेत्तर आणि गुंथर सोनथायमर यांनी १९८२ साली संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरील ग्रंथामुळे या परंपरेचा भारतीय पातळीवरील विस्तार अभ्यासकांसमोर आला. मराठीतही वीरगळांची नोंद करण्याचे काम पुष्कळ झाले आहे. त्या कामाची दिशा स्वाभाविकपणेच ऐतिहासिक राहिली. शिळा म्हणजे पुरावा, दृश्य म्हणजे घटना.

आता लाकडाकडे यावे. सातपुड्याच्या पूर्वेकडील फाट्यात, मेळघाटात आणि रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे कोरकू समाजात मृतांसाठी सागाच्या कोरीव फळ्या उभारण्याची चाल आहे. या फळ्यांना 'मुंडा' म्हणतात. फळीच्या वरच्या भागात चंद्रसूर्य, त्याखाली घोड्यावर बसलेला पुरुष, आणि खाली हातात हात गुंफून नाचणाऱ्यांच्या ओळी, वाजंत्री असा सर्वसाधारण आराखडा असतो. पश्चिमेकडे चौधरी आणि गामीत समाजांत (गामीत म्हणजे महाराष्ट्रातले गावित-मावचींचे सोयरे) लाकडी स्मृतिप्रतिमा आणि खांब आहेत. एबरहार्ट फिशर आणि हकू शाह यांनी त्यांच्यावर 'वेतरा ने खांभा' हे पुस्तक १९७३ साली गुजरात विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केले. झाबुआकडच्या भिल्लांच्या स्मृतिशिळांवरही स्वारच प्रमुख असतो. माध्यम दगडाचे असूनही तो वीरगळापेक्षा या लाकडी स्वाराला जवळचा आहे. सातपुड्याच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या भिल्ल मुलखात हा स्वार पसरलेला आहे.

या स्वाराभोवती काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहावे. त्याच्यासमोर कोणी नाही. तलवार उगारलेली असते, पण ती ज्याच्यावर पडायची तो माणूस फळीवर कोठेच नसतो. जखम नाही, पडलेला देह नाही, गाई नाहीत. घोडा धावत असल्याची खूणही बहुधा नसते. चारही पाय जमिनीवर टेकून तो बाजूने दाखविलेला असतो, आणि स्वार त्याच्यावर बसण्याऐवजी जणू उभा रोवलेला असतो. वीरगळातील झुंजीचा थर काढून टाकला आणि त्यातला एकच लढवय्या उरू दिला तर जे उरेल ते म्हणजे ही फळी.

याचे सोपे उत्तर माध्यमात शोधता येईल. सागाचा धागा उभा जातो. वाकसाने तासून काढलेल्या अरुंद उभ्या फळीवर आडवी, गर्दीची झुंज कोरणे अवघड. धाग्याच्या आडव्या दिशेने पटाशी चालवली की कपचे उडतात, आणि बारीक भाले-बाण तुटून जातात. म्हणून उथळ उठाव, एकेक आकृती, बाजूने घेतलेली आकृतिरेषा. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. ज्या हाताने खालच्या ओळीत आठ-दहा नाचणारे, एकमेकांच्या हातात हात घातलेले, कोरले त्या हाताला वर समोरासमोर दोन माणसे कोरता आली नसती असे म्हणवत नाही. माध्यमाची अडचण गर्दीला होती असे मानले तर गर्दी नाचात आहे आणि लढाईत नाही, याचा उलगडा होत नाही. शत्रू गाळला गेला तो तंत्रामुळे गाळला गेला, असे म्हणायला जागा उरत नाही.

दुसरे उत्तर इतिहासाचे. खानदेशच्या डोंगरी समाजांना लढाई परकी नव्हती हे कोणी नाकारणार नाही. शिंदखेड्याहून तापी ओलांडून थाळनेरला जाता येते. होळकरांशी झालेल्या तहान्वये हा किल्ला इंग्रजांना मिळायचा होता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला, आतली बहुतांशी अरबांची शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फासावर चढविले. खानदेश इंग्रजी अमलाखाली आला त्याची ही सुरुवात. त्यानंतरची काही वर्षे भिल्लांचे बंड मोडण्यात गेली. १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे भिल्लांनाच भिल्लांवर बंदोबस्ताला लावले. १८५७च्या उठावात खाज्या नाईक उभा राहिला, तोही आधी सेंधवा घाटाच्या रखवालीवर इंग्रजांच्या नोकरीत होता. ११ एप्रिल १८५८ची अंबापाणीची लढाई सातपुड्याच्या स्मृतीतील सर्वांत रक्तरंजित दिवसांपैकी एक आहे. हा सगळा इतिहास मागे असताना फळीवरचा स्वार म्हणजे या झुंजींची स्मृती, असे म्हणण्याचा मोह होतो. अलीकडच्या काळात आदिवासी वीरांचे पुनःस्मरण करणाऱ्या लेखनात हा मोह बळावलेला दिसतो, आणि त्यामागची न्यायाची ओढ समजण्यासारखी आहे.

अडचण घोड्याची आहे. या लढायांत घोडा कोणाकडे होता? डोंगरातला भिल्ल पायदळी, तिरकामठ्याचा. झाडी, घाट, ओढे हे त्याचे बळ. घोडा होता तो जहागीरदाराकडे, गिरासे-रावळांकडे, मराठी फौजांकडे, पेंढाऱ्यांकडे आणि शेवटी कंपनी सरकारच्या रिसाल्याकडे. नाईकांपैकी काहींपाशी घोडी असतीलही, पण समाजाच्या लढण्याची रीत ती नव्हती. फळीवर अंबापाणीची आठवण असती तर तिच्यावर तिरकामठा हवा होता. असलेली तलवार आणि असलेला घोडा ही प्रतिपक्षाची सामग्री आहे. म्हणजे शत्रू फळीवर नाही असे जे वर म्हटले ते अर्धेच खरे. तो समोर नसेल, पण मृत पुरुषाच्या मांडीखाली आणि त्याच्या मुठीत तो आलेला आहे.

यावर धर्मविधीच्या बाजूने आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. भिल्ल-राठवा जगात घोडा म्हणजे सैन्य नव्हे. पिठोऱ्याच्या भिंतीवर देवांचे घोडे चालतात. ज्योतींद्र जैन यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात राठव्यांच्या या भिंतींची उत्पत्तिकथांशी असलेली सांगड तपशिलाने दाखविली आहे. देवाला मातीचे घोडे वाहण्याची प्रथा सर्व भिल्ल पट्ट्यात आहे. तेव्हा स्मारकावरचा घोडा हे मृताचे परलोकाकडे जाण्याचे वाहन आहे, त्याचा जहागीरदाराशी संबंध जोडणे हा बाहेरच्या अभ्यासकाचा अट्टहास आहे, असे म्हणता येईल.

हा आक्षेप मान्य करूनही तलवार उरतेच. परलोकाच्या वाटेवर वाहन लागेल, शस्त्र कशाला? शिवाय देवांना तरी घोडा कोठून मिळाला हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. ज्या समाजात अधिकार घोड्यावरून गावात येतो त्या समाजाच्या कल्पनेत देवही घोड्यावरूनच येतो. खंडोबाच्या बाबतीत हे आपल्याला चमत्कारिक वाटत नाही. भिल्लांच्या बाबतीत मात्र 'आदिम' हा शब्द मध्ये आणून आपण त्यांच्या प्रतिमांना इतिहासाच्या बाहेर नेऊन ठेवतो. ऐतिहासिक वाचन घोड्याला घटना समजते आणि विधिवादी वाचन त्याला कालातीत चिन्ह समजते. फळी काय करते हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

कोरकूंच्या बाबतीत त्याचे उत्तर स्पष्ट आहे. माणूस मेल्यावर लगेच पूर्वज होत नाही. त्यासाठी सिडोली किंवा फुलजगनी नावाचा उत्तरविधी लागतो. तो कधी काही महिन्यांनी, कधी खर्च जमेल तेव्हा कित्येक वर्षांनी, अनेक मृतांसाठी एकत्रही होतो. त्या विधीत फळी रोवली जाते, आणि मृत व्यक्ती पितरांत सामील होते. तोवर त्याचे मरण जणू अपुरे असते. म्हणजे फळी मृताविषयी काही माहिती देण्यासाठी नसून त्याच्या स्थितीत बदल घडविण्यासाठी असते. जे. एल. ऑस्टिनने वर्णन करणाऱ्या विधानांहून कृती घडविणारी विधाने वेगळी काढली. 'मी या नौकेला अमुक नाव देतो' हे वाक्य खरे की खोटे असे विचारता येत नाही, ते साधले की फसले एवढेच विचारता येते. मुंडा हे अशा प्रकारचे विधान आहे. 'हा पुरुष लढला' असे ते सांगत नाही, 'हा पुरुष आता पूर्वज आहे' हे ते घडवून आणते.

आपल्या भाषेतले घरचे उदाहरण घ्यायचे तर मृताच्या नावाआधी लिहिला जाणारा 'कै.' पाहावा. लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावामागे तो छापताना त्यांना खरोखर कैलास लाभला काय याची चौकशी कोणी करीत नाही. तो मृताला आदराच्या एका कोटीत बसवितो आणि पुढे सरकतो. फळीवरचा स्वार हा त्या समाजाचा 'कै.' आहे. ज्याने आयुष्यभर नांगर धरला, मोहाची फुले वेचली, ज्याच्या गोठ्यात घोडा कधी आला नाही, त्याच्याही फळीवर तो येतो, कारण तो त्याच्या आयुष्याबद्दल नाहीच.

तथापि येथे थांबता येत नाही. सूत्र म्हटले म्हणजे ते निरर्थक असते असे नव्हे. 'कै.' या अक्षरानेही मृताला कोणाच्या स्वर्गात पाठविले जाते ते ठरलेले असते. कैलास शैवांचा, 'वै.' लिहिले तर वैकुंठ वारकऱ्याचे. आदराची भाषा कोठून तरी उसनी आलेली असते, आणि कोणाकडून उसनी घेतली यावर समाजातील सत्तेची मोहोर असते. शेतकऱ्याला पूर्वज करताना त्याला घोड्यावर बसवावे लागले, कारण आदरणीय पुरुषाचे दुसरे दृश्यरूप त्या मुलखात उपलब्ध नव्हते. बैलावर बसलेला, खांद्यावर नांगर घेतलेला पुरुष पूर्वज होऊ शकत नव्हता असे नाही, पण तो तसा कोरला गेला नाही. इतिहास या फळीवर आहे तो या अर्थाने. एखादी लढाई तिच्यावर नोंदलेली नाही. अनेक लढायांनी मिळून प्रतिष्ठा म्हणजे काय हे ठरवून टाकले, आणि तो ठराव हरलेल्यांनीही आपल्या मृतांसाठी वापरला, हे तिच्यावर नोंदलेले आहे.

असे म्हटल्याने लोककलावंताचे कर्तृत्व कमी होते काय? उलट ते कोठे शोधायचे याची जागा बदलते. फळी कोरणारा सुतार पुष्कळदा मृताच्या घरचा नसतो, आणि सर्वत्र त्याच समाजाचाही नसतो. डब्ल्यू. जी. आर्चरने १९४७ साली बिहारमधील अहिरांच्या बीर कुअरच्या प्रतिमांचा अभ्यास केला. त्या प्रतिमा गावचे सुतार करून देत. भक्ती एकाची आणि हात दुसऱ्याचा. मागणी ठरलेली, ठेवण ठरलेली. अशा वेळी 'लोककलावंताने युद्ध कसे पाहिले' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. स्वार कोरताना त्याने युद्ध पाहिलेले नसते, मागच्या पिढीचा स्वार पाहिलेला असतो. स्वार म्हणूनच बहुधा फळीवरचा सर्वांत निर्जीव भाग असतो, आणि हे म्हणताना संकोचण्याचे कारण नाही. संग्रहालयांच्या पुस्तिकांत छायाचित्र मात्र त्याचेच मोठे छापले जाते.

जीव आहे तो खालच्या ओळींत. तेथे कोरणाऱ्याला ठाऊक असलेले जग सुरू होते. नाचणाऱ्यांच्या गुंफलेल्या हातांची नागमोडी रेषा, ढोलकऱ्याचे वाकणे, एखादी आकृती ओळीत मावली नाही म्हणून लहान केलेली, एखाद्याचे पाऊल कडेच्या चौकटीवर चढलेले. सूत्राचे दडपण येथे सैल होते आणि निरीक्षणाला वाव मिळतो. फळी खालून वर वाचली, वीरगळासारखी, तर प्रवास लढाईकडून मोक्षाकडे होत नाही. तो नाचाकडून स्वाराकडे होतो. सजीव, गजबजलेल्या, ओळखीच्या जगातून एकट्या, निश्चल, मानाच्या जागेकडे. हा क्रम कोरणाऱ्याने हेतुतः साधला असे म्हणण्याचे कारण नाही, पण पाहणाऱ्याला तो टाळता येत नाही.

मराठी समीक्षेतील दोन प्रभावी भूमिकांची या फळीपुढे कसोटी लागते. दोन्हींचे खानदेशाशी नाते आहे, हा योगायोग. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने आपल्या भूमीतील परंपरांना मूल्य दिले आणि उसन्या प्रतिष्ठेवर आघात केला. पण येथे डोंगरातली, अस्सल समजली जाणारी परंपराच उसन्या प्रतिष्ठेवर उभी आहे, आणि तरीही तिला अस्सल नाही असे म्हणता येत नाही. 'देशी' कोठवर खणायचे हा प्रश्न देशीवादाला येथे सोडवावा लागतो. धुळ्याचे शरद् पाटील यांनी 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) मध्ये शोषितांच्या परंपरांना स्वतंत्र सौंदर्यदृष्टी शोधण्याचा प्रयत्न केला. आदिवासींमध्ये प्रत्यक्ष चळवळ केलेल्या या विचारवंताच्या दृष्टीने पाहिले तर संघर्ष हाच कळीचा मुद्दा ठरेल. फळीवर मात्र संघर्षाची मुद्रा आहे, संघर्ष नाही. दडपलेल्याने दडपणाऱ्याची मुद्रा आपल्या मृतांच्या सन्मानासाठी वापरणे याला शरणागती म्हणावे की हिसकावून घेणे म्हणावे? दोन्हींपैकी एक निवडण्याची घाई समीक्षेने करू नये. जो घोडा जिवंतपणी मिळाला नाही तो मेल्यावर घेतला गेला, यात दोन्ही आहेत आणि त्यांची विभागणी करता येत नाही. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहापासून भिल्ल कवितेने स्वतःच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. तिच्यातील नायक पायी चालणारा आहे ही गोष्ट या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहे.

एक बाब चंद्रसूर्यांविषयी. दानलेखांतून आणि वीरगळांतून ही जोडी 'यावच्चंद्रदिवाकरौ' अशी ग्वाही देते. दगडावर ती शोभते. सागाच्या फळीवर ती आली तेव्हा तिच्यात एक विसंगती शिरली, कारण जमिनीलगतचा लाकडाचा भाग काही पावसाळ्यांत कुजू लागतो, वाळवी चढते, फळी कलते. समाजाला याचे दुःख नसते. ज्यांनी मृताला पाहिले ती माणसे संपेपर्यंत फळी उभी राहिली की तिचे काम झाले. नंतर तो सर्व पितरांपैकी एक असतो. चंद्रसूर्यही म्हणजे सूत्रच, स्वारासारखे उसने, आणि तितकेच शब्दशः न घ्यायचे.

संग्रहालयात नेमके हेच उलटते. भोपाळच्या भारत भवनाने १९८२ पासून आदिवासी कलाकृतींना कलाकृती म्हणून, मानववंशशास्त्रीय वस्तू म्हणून नव्हे, स्थान दिले. ते पाऊल महत्त्वाचे होते, आणि जे. स्वामीनाथन यांच्या त्या आग्रहामुळेच पुढे आदिवासी कलावंत नावानिशी ओळखले जाऊ लागले. परंतु स्मारकफळीच्या बाबतीत कलादालन एक विचित्र काम करते. ते तिला औषध लावून कुजण्यापासून वाचविते, म्हणजे चंद्रसूर्यांची ग्वाही अक्षरशः पाळते. तिच्या भोवतीची बाकीची फळ्यांची रांग, झाड, विधी हे मागे राहतात. एकट्या फळीवर प्रकाशझोत पडतो तेव्हा नजर साहजिकच वरच्या स्वाराकडे जाते. खाली पाटीवर 'योद्धा, सागवान' असे दोन शब्द असले की प्रेक्षकाला पुढे काही विचारावेसे वाटत नाही. वस्तूला पूर्वज करणारे विधान अशा रीतीने वर्णन करणारे विधान होऊन बसते, आणि ते वर्णन खोटे असते. लोकसाहित्याच्या पदव्युत्तर वर्गात या फळ्यांची छायाचित्रे दाखविली जातात तेव्हाही वापरली जाते ती पाटीचीच भाषा.

बस्तरच्या माडियांच्या कोरीव स्मृतिस्तंभांवर घोडेस्वारांबरोबर पुढे मोटार, सायकल, विमान आले. ते पाहून अभ्यासकांना गंमत वाटते किंवा परंपरा भ्रष्ट झाल्याची हळहळ. परंतु घोड्याची जागा घेणारी ही वाहने घोड्याचेच काम करीत आहेत. त्या मुलखात मान ज्यावर बसून येतो ते वाहन मृताला देणे, एवढेच. तेथे मोटारीला कोणी लढाई म्हणत नाही. घोड्याला मात्र अजून म्हणतात.